मूल शिकत असताना मोठ्यांनी हात कुठे ठेवायचे?

दट्ट्यापेटी तुम्ही बघितली असेल. लांबट लाकडी ठोकळा, त्यात एका ओळीत दहा भोकं आणि प्रत्येक भोकात नेमका बसणारा एकेक दट्ट्या. चिमटीत धरायला दट्ट्याला वर छोटी मूठ असते. एका पेटीत दट्टे फक्त उंचीने कमी होत जातात, इतर पेट्यांत जाडीही बदलते. मुलाने सगळे दट्टे बाहेर काढायचे, त्यांची सरमिसळ करायची आणि पुन्हा ज्याचं भोक त्याला द्यायचं. खेळ एवढाच.

काही वर्षांपूर्वी एका बालवर्गात कोपऱ्यात बसून मी हा खेळ बघत होतो. साडेतीन वर्षांचा एक मुलगा जाडीच्या पेटीवर बसला होता. नऊ दट्टे बसले आणि दहावा हातात उरला. रिकामं भोक बारीक, हातातला दट्ट्या जाड. त्याने तो दाबून बघितला, उलटा करून बघितला, मग नुसता हातात धरून पेटीकडे बघत राहिला. मधल्या एका रुंद भोकात एक बारीक दट्ट्या सैल डुगडुगत होता. त्याचं बोट तिकडे सरकायला लागलं होतं, पण मला राहवलं नाही. "हा बघ, हा इथला" म्हणत मी तो दट्ट्या उचलून त्याच्या हातात दिला. त्याने तो गुपचूप बसवला, दहावाही बसवला. पेटी पूर्ण झाली. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि उठून गेला तो गेलाच.

वर्गाच्या ताई नंतर एवढंच म्हणाल्या, "तुम्ही त्याचं गणित सोडवलंत. आता त्याच्यासाठी त्यात काय उरलं?"

मुलाच्या कलाने, हाताने करत शिकण्याबद्दल गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुष्कळ लिहिलं गेलं आणि गेल्या पन्नास वर्षांत बरंच मोजूनही बघितलं गेलं. पण या पद्धतीबद्दल दोन समजुती चिवटपणे टिकून आहेत. एक, मूल म्हणेल ती पूर्व दिशा. दुसरी, हातात भरपूर वस्तू दिल्या की शिकणं आपोआप होतं. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्या का चुकीच्या आहेत हे कळलं की सगळा विषयच सुटसुटीत होतो.

रोममधली ती मुलगी

मारिया माँटेसरी या मुळात डॉक्टर. १८९६ मध्ये त्या रोममध्ये वैद्यकीची पदवी घेऊन बाहेर पडल्या. सुरुवातीला त्यांनी बौद्धिक वाढ मागे पडलेल्या मुलांबरोबर काम केलं आणि त्यासाठी इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांची साधनं अभ्यासली. ६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी 'बालगृह' सुरू केलं. आईबाप कामावर जायचे, मागे मुलं जिने आणि भिंती खराब करायची. इमारतीच्या मालकांना मुलं कुठेतरी अडकवून ठेवायची होती, म्हणून ही सोय झाली. शिक्षणातली एक मोठी चळवळ भिंती स्वच्छ राहाव्यात म्हणून सुरू झाली, ही मला नेहमीच गंमत वाटते.

तिथे माँटेसरींना एक तीन वर्षांची मुलगी दिसली. ती दट्ट्यापेटीवर काम करत होती, पूर्ण झालं की पुन्हा सुरुवातीपासून. माँटेसरींनी बाकीच्या मुलांना गाणी म्हणत फिरायला लावलं. मुलीवर काही परिणाम नाही. मग त्यांनी तिची खुर्ची तिच्यासकट उचलून टेबलावर ठेवली. मुलीने पेटी पटकन मांडीवर ओढली आणि काम चालू ठेवलं. चाळीसहून अधिक वेळा तिने ते केलं आणि मग, कुणी सांगितलं नसताना, थांबली. दमलेली नव्हती. चांगली झोप झाल्यावर माणूस उठतो तशी ती दिसत होती, असं माँटेसरींनी नोंदवलं आहे.

दुसरा प्रसंग कपाटाचा. साधनांचं कपाट कुलूपबंद असायचं, बाई काढून देतील तेच मुलांनी घ्यायचं. एक दिवस बाई कुलूप लावायला विसरल्या आणि यायला उशीरही झाला. येऊन बघतात तर मुलांनी आपापलं सामान काढून काम सुरू केलेलं. कुणी म्हणालं असतं, चोरी झाली. माँटेसरींनी त्यातून वेगळाच अर्थ काढला: मुलांना कोणतं काम हवं हे कळतं. पुढे कपाटं गेली, बुटक्या उघड्या मांडण्या आल्या.

आज अस्सल माँटेसरी वर्गात दिसतं त्यातलं बरंचसं या दोन प्रसंगांतून निघालं आहे. तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच वर्गात. सकाळी साधारण तीन तासांचा सलग वेळ, मध्ये घंटा नाही. प्रत्येक साधन एकच, त्यामुळे दुसऱ्याच्या हातात असेल तर थांबायचं. आणि निवड मुलाची. पण निवड कशातून? मांडणीवर ताईंनी विचार करून ठेवलेल्या वस्तूंमधून, आणि ज्यांचा वापर मुलाला एकदा दाखवून झाला आहे अशा वस्तूंमधून. मुलाला मोकळीक आहे, पण ती आखलेल्या अंगणातली आहे. ते अंगण कुणीतरी फार मेहनतीने आखलेलं असतं.

त्या मेहनतीचा नमुना म्हणजे गुलाबी मनोरा. दहा घन, सर्वांत छोटा एक सेंटीमीटरचा, सर्वांत मोठा दहाचा. सगळ्यांचा रंग एकच, लाकूड एकच, बदलतं ते फक्त आकारमान. रंगीबेरंगी केले असते तर मूल रंगात रमलं असतं आणि 'मोठं-लहान' बाजूला राहिलं असतं. दहा सेंटीमीटरच्या घनाचं वजन सर्वांत छोट्याच्या हजारपट. हे मुलाला कुणी सांगत नाही, पण मोठा घन दोन्ही हातांनी छातीशी धरून आणताना आणि छोटा दोन बोटांच्या चिमटीत आणताना अंगाला ते कळतं. मधला एखादा घन चुकला की मनोऱ्याला बाहेर आलेली पायरी दिसते. चूक दाखवायला ताई लागत नाहीत. डुगडुगणारा दट्ट्या हेच काम करत होता. मी मध्ये पडून वस्तूच्या तोंडातला शब्द काढून घेतला.

दाखवलं की शोधणं थांबतं

आता मोजमापाकडे येऊ. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला या विषयातला सर्वांत बोलका वाटतो. त्यांनी नळ्यांचं एक खेळणं बनवलं. त्यात चार गमती होत्या: एक नळी ओढली की चीं आवाज यायचा, एक बटण दाबलं की दिवा लागायचा, एका ठिकाणी सूर वाजायचे, आणि एका नळीत आरसा लपवलेला होता. चार-पाच वर्षांच्या काही मुलांना बाईंनी सांगितलं, "हे माझं खेळणं, ते कसं चालतं ते मी तुला दाखवते," आणि फक्त चीं वाजवून दाखवलं. दुसऱ्या काही मुलांपुढे त्याच बाई नवख्यासारख्या वागल्या. चीं आवाज जणू चुकून झाला, "अरे! बघितलंस?" मग खेळणं मुलांच्या हाती दिलं.

पद्धतशीर शिकवलेल्या मुलांनी चीं चीं केलं आणि लवकर खेळणं सोडलं. बाकीच्या गमती त्यांना कमी सापडल्या. नवख्या बाईंबरोबरची मुलं जास्त वेळ खेळली आणि त्यांना जास्त सापडलं. मुलांचा तर्क बिनतोड आहे: जाणकार माणसाने एकच गोष्ट दाखवली, म्हणजे दाखवण्यासारखी एकच असणार. शिकवणं मुलं फार गंभीरपणे घेतात. म्हणून ते कधी करायचं नाही, हे मोठ्यांना कळायला हवं.

लॉरा शुल्झ आणि बोनाविट्झ यांनी त्याआधी, २००७ मध्ये, याचीच दुसरी बाजू दाखवली होती. एका पेटीला दोन दांडे, आणि वरून दोन बाहुल्या बाहेर येतात. काही मुलांना दोन्ही दांडे एकदम दाबून दाखवले, दोन्ही बाहुल्या एकदम आल्या. कुठल्या दांड्याने कुठली बाहुली आली, ते कळायला मार्ग नाही. काहींना एकेक दांडा वेगळा दाबून दाखवला. मग त्यांच्यापुढे ही पेटी आणि एक कोरी करकरीत नवी पेटी ठेवली. ज्यांना उलगडा झाला होता ती मुलं नव्या पेटीकडे वळली. ज्यांच्या मनात कोडं शिल्लक होतं ती जुनीच पेटी घेऊन दांडे वेगवेगळे दाबून बघायला लागली. शाळेचं तोंड न बघितलेल्या मुलांना प्रयोग करायला कुणी शिकवलं नव्हतं. कोडं अर्धं उघडं होतं, तेवढं पुरलं.

म्हणजे मग नुसतं सोडून द्यायचं?

नाही. इथेच पहिली समजूत कोसळते.

२०११ मध्येच लुई अल्फिएरी आणि सहकाऱ्यांनी 'स्वतः शोधून शिकणं' या विषयावरचे १६४ अभ्यास एकत्र करून तपासले. निकाल दुहेरी निघाला. कसलीही मदत न देता 'शोधा तुमचं तुम्ही' म्हणून सोडलं, तर त्यापेक्षा सरळ समजावून सांगितलेलं बरं. पण शोध घेताना मध्ये प्रश्न, इशारा, थोडा आधार मिळत राहिला, तर तो शोध समजावून सांगण्यापेक्षाही सरस ठरला. 'मुक्त' आणि 'शिकवलेलं' यांच्या भांडणात दोन्ही पक्ष वर्षानुवर्षं आपलंच घोडं दामटत आले. उत्तर तिसऱ्याच जागी होतं.

त्या तिसऱ्या जागेला मार्गदर्शित खेळ म्हणतात. केली फिशर आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा अभ्यास त्याचं नेमकं उदाहरण आहे. चार-पाच वर्षांच्या मुलांना त्रिकोण, चौकोन असे आकार शिकायचे होते. एका गटाला आकार नुसते खेळायला दिले. दुसऱ्या गटापुढे मोठ्या माणसाने सगळं स्वतः उलगडून सांगितलं, मुलांनी ऐकलं. तिसऱ्या गटात मूल आणि मोठं माणूस दोघे हेर झाले: "ह्या सगळ्यांना त्रिकोण का म्हणत असतील? काय सारखं आहे?" मुलाने बोटांनी कडा मोजायच्या, कोपरे चाचपायचे, मोठ्याने प्रश्न पुढे सरकवायचा. नंतरच्या परीक्षेत तिरके, निमुळते, उलटे टांगलेले त्रिकोण दिले. तिसऱ्या गटाने ते जास्त अचूक ओळखले. दुसऱ्या गटातली मुलं 'टोपीसारखा' त्रिकोण ओळखत, बाकीच्यांना त्रिकोण म्हणायला तयार नसत. नुसत्या खेळलेल्या गटाने आकारांची घरं बांधली, गाड्या केल्या. छान खेळले, पण त्रिकोणाची व्याख्या त्यांच्या वाटेत आलीच नाही. ती यावी कशी?

पुढे २०२२ मध्ये केली स्कीन आणि सहकाऱ्यांनी ३९ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. सुरुवातीचं गणित, आकारांची ओळख, आणि एका नियमावरून दुसऱ्या नियमावर चटकन जाण्याचं कौशल्य, या बाबतींत मार्गदर्शित खेळ थेट शिकवण्याच्या पुढे होता. प्रत्येक विषयात असं झालं नाही, हेही त्यांनी नोंदवलं आहे.

मदत किती आणि केव्हा, याचा हिशेब सर्वांत सुंदर दाखवला तो डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये. एकमेकांत अडकणाऱ्या २१ लाकडी ठोकळ्यांचा मनोरा तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी बांधायचा होता, बाई मदतीला. त्यातून 'परांची' ही कल्पना रूढ झाली. बांधकामाला परांची लागते, पण ती भिंत नसते. भिंत उभी राहील तशी ती उतरवायची. व्यवहारात नियम साधा आहे: मूल अडलं तर मदत एक पायरी वाढवा, जमलं की लगेच एक पायरी कमी करा. पहिली पायरी नुसतं नाव घेणं, "अजून एक उरलाय वाटतं." मग इशारा, "हा डुगडुगतोय का?" मग दोन पर्याय पुढे ठेवणं. स्वतः उचलून देणं ही अगदी शेवटची. मी त्या दिवशी थेट शेवटच्या पायरीवर उडी मारली होती.

हात चालले म्हणजे डोकं चाललंच असं नाही

आता दुसरी समजूत. हातात वस्तू द्या, शिकणं होईल. ही जास्त फसवी आहे, कारण ती अर्धी खरी आहे.

खरा अर्धा भाग आधी. कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ मध्ये, अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांकडून काही अक्षरं हाताने लिहून घेतली, काही ठिपक्यांवरून गिरवून घेतली, काही कळफलकावर दाबून घेतली. मग तीच अक्षरं दाखवून मेंदूची छायाचित्रं घेतली. वाचनाशी संबंधित भाग जागे झाले ते मुलांनी मोकळ्या हाताने लिहिलेल्या अक्षरांसाठी. अभ्यास छोटा होता, मोजकीच मुलं होती, त्यामुळे फार डोक्यावर घेऊ नये. पण कारण पटण्यासारखं आहे. मोकळ्या हाताने काढलेलं अक्षर दरवेळी थोडं वेगळं, वेडंवाकडं येतं, आणि त्या वेड्यावाकड्यांतून 'हेही तेच अक्षर' हे मुलाला कळत जातं. खरकागदाच्या अक्षरांवरून दोन बोटं फिरवायची, तोंडाने उच्चार करायचा, मग वाळूत काढायचं, या माँटेसरींच्या क्रमात डोळा, कान आणि हात एकाच वेळी कामाला लागतात.

आता खोटा अर्धा भाग. जुडी डीलोश यांनी एका खोलीची छोटी हुबेहूब प्रतिकृती केली. छोट्या खोलीत छोटी बाहुली मुलासमोर लपवायची आणि सांगायचं, मोठी बाहुली मोठ्या खोलीत अगदी त्याच जागी आहे, जा शोध. तीन वर्षांची बहुतेक मुलं बरोबर जातात. अडीच वर्षांची बहुतेक भटकतात. हे सहा महिन्यांचं अंतरच थक्क करणारं आहे, पण पुढचं ऐका. तीन वर्षांच्या मुलांना ती छोटी खोली आधी काही मिनिटं खेळायला दिली, तर त्यांची कामगिरी घसरली. आणि अडीच वर्षांच्या मुलांना ती काचेआड ठेवून, हात लावू न देता दाखवली, तर सुधारली.

कारण असं: प्रतिकृती ही एकाच वेळी दोन गोष्टी असते, स्वतः एक वस्तू आणि दुसऱ्या कशाचीतरी खूण. वस्तू जितकी खेळकर, तितकी खूण झाकोळते. म्हणून एक ते दहा शिकवायला चकचकीत वाघ-सिंह मोजायला दिले की मुलं वाघांची मारामारी लावतात आणि आकडा हरवतो. म्हणूनच माँटेसरींचे दशमानाचे मणी मुद्दाम कंटाळवाणे आहेत. एकटा मणी म्हणजे एक, दहा मण्यांची तार म्हणजे दहा, दहा तारांची चौकट म्हणजे शंभर, दहा चौकटींचा ठोकळा म्हणजे हजार. सगळे एकाच सोनेरी रंगाचे. हजाराचा ठोकळा उचलताना मुलाचा हात खाली जातो, आणि हजार म्हणजे 'जड' हे कळतं. यात नाटक नाही, डोळे मिचकावणारा वाघ नाही.

साधन महाग असायला हवं असाही याचा अर्थ नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते आसपास मिळणाऱ्या वस्तूंवरच उभं राहिलं. लाकूड कुठून आणलं यापेक्षा एका वस्तूत एकच अवघड गोष्ट ठेवली आहे का, हे बघायचं.

बक्षिसाचा उलटा हिशेब

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये चित्रं काढायची मनापासून आवड असलेली बालवर्गातली मुलं निवडली. एका गटाला आधी सांगितलं, "चित्र काढलंस तर तुला सोनेरी तारा आणि फीत लावलेलं शाबासकीचं प्रमाणपत्र." दुसऱ्या गटाला तेच प्रमाणपत्र नंतर अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंग नुसते ठेवून दिले. ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं ती मुलं रंगांकडे बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ वळली. अचानक मिळालेल्या बक्षिसाने मात्र काही बिघडलं नाही. खेळाची मजुरी ठरवली की तो खेळ राहत नाही. वर्गातल्या भिंतीवरचे तारे आणि शिक्के मोजणाऱ्या तक्त्यांकडे मी तेव्हापासून जरा संशयाने बघतो.

मग ही पद्धत खरंच चालते का?

इथे एक सापळा आहे. अशा शाळेतली मुलं हुशार निघाली, तर श्रेय शाळेचं की घराचं? अशी शाळा शोधून काढणारे आईबाप घरी पुस्तकंही वाचून दाखवतातच. यावर उतारा म्हणजे सोडत. जागा कमी, अर्ज जास्त, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या जातात. नंबर लागला ती मुलं आणि न लागलेली मुलं, दोघांचे आईबाप त्याच मुशीतले. आता फरक पडला तर तो शाळेमुळे.

अँजेलिन लिलार्ड यांनी या युक्तीवर जवळपास वीस वर्षं काम केलं. २०१७ च्या अभ्यासात अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या दोन सरकारी माँटेसरी शाळांच्या सोडतीतली १४१ मुलं होती. तीन वर्षांची असताना दोन्ही गट सारखे होते. सहाव्या वर्षापर्यंत माँटेसरीतली मुलं अभ्यासात आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखण्यात पुढे गेली. सोपं कोडं आणि न सुटलेलं अवघड कोडं यांतून अवघड निवडण्यातही ती पुढे होती. गरीब आणि सुखवस्तू घरांतल्या मुलांमधलं अंतर या वर्गांत कमी होत गेलं. सर्जनशीलतेत मात्र फरक दिसला नाही. २०२५ मध्ये याच धर्तीवर २४ सरकारी शाळा आणि ५८८ मुलांचा मोठा अभ्यास आला. वाचन, अल्पकाळाची स्मृती आणि स्वतःवर ताबा ठेवण्याची क्षमता यांत बालवर्गाच्या शेवटी माँटेसरीची मुलं पुढे होती. अनेक बालशिक्षण योजनांचा फायदा या टप्प्यापर्यंत विरून जातो, म्हणून ही बातमी मोठी आहे.

उलटी बाजूही सांगायला हवी. फ्रान्समधल्या एका गरीब भागातल्या सरकारी शाळेत मुलांना चिठ्ठ्यांनी वाटून केलेल्या २०२१ च्या अभ्यासात माँटेसरीची मुलं वाचनात पुढे होती, पण गणित, स्वनियंत्रण आणि सामाजिक कौशल्यं यांत दोन्ही गट सारखेच निघाले. २०२३ मध्ये ३२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात अभ्यासावरचा परिणाम प्रमाण विचलनाच्या साधारण पाव भाग होता. साध्या भाषेत, शंभर मुलं कमी गुणांकडून जास्त गुणांकडे अशी ओळीने उभी केली तर मधोमध, पन्नासाव्या जागी उभं असलेलं मूल साठाव्या जागी जातं. चमत्कार नव्हे, पण शिक्षणात एवढंही सहजासहजी मिळत नाही.

आणखी एक बारकावा, जो पालकांना कुणी सांगत नाही. 'माँटेसरी' हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, पाटी कुणीही लावू शकतं. लिलार्ड यांनी २०१२ मध्ये अस्सल वर्ग आणि भेसळीचे वर्ग वेगळे करून तपासले. भेसळ म्हणजे साधनांच्या जोडीला छापील सरावपत्रकं आणि इतर खेळणी. अस्सल वर्गातल्या मुलांची वर्षभरातली प्रगती जास्त निघाली. नंतरच्या एका छोट्या अभ्यासात काही वर्गांतून जास्तीचं सामान नुसतं काढून टाकलं, तर चार महिन्यांत वाचन आणि स्वनियंत्रण सुधारलेलं दिसलं. वर्ग सुधारायला सामान आणण्याऐवजी काढावं लागलं, हे आपल्या खरेदीच्या उत्साहाला चांगलंच झोंबणारं आहे.

माँटेसरी ही एकच वाट नाही. अमेरिकेत मिशिगनमध्ये १९६२ पासून १२३ गरीब मुलांवर झालेला पेरी बालवाडीचा अभ्यास प्रसिद्ध आहे. नंबर लागलेली मुलं चाळिशीला आली तेव्हाही त्यांची कमाई जास्त आणि अटका कमी होत्या. तिथून पुढे आलेल्या हायस्कोप पद्धतीचा कणा म्हणजे ठरव, कर, सांग. मूल सकाळी सांगतं, "मी ठोकळ्यांचा पूल करणार." मग करतं. मग गोलात बसून सांगतं की पूल दोनदा पडला आणि खाली रुंद ठोकळा ठेवल्यावर उभा राहिला. चार वर्षांचं मूल आपल्याच कामाचा आढावा घेतं.

इटलीतल्या रेज्जो एमिलियाची कथा तर दंतकथेसारखी आहे, पण खरी आहे. १९४५ मध्ये युद्ध संपताच जवळच्या एका खेड्यातल्या लोकांनी जर्मन फौजेने मागे टाकलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून बालशाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुत्सी हा तरुण शिक्षक ते बघायला सायकलवरून गेला आणि जन्मभर त्याच कामात राहिला. तिथे शिक्षक मुलांचं बोलणं टिपून ठेवतात, चित्रं जपतात, आणि त्या नोंदींवरून उद्याचं काम ठरवतात. मुलांना सावली कुठे जाते हा प्रश्न पडला, तर आठवडे सावलीवर जातात. रेज्जोची फळं आकड्यांत मोजणं अवघड आहे, कारण प्रत्येक शाळा वेगळी. ते टिपणं मात्र कुठल्याही वर्गात उचलून नेण्यासारखं आहे.

वर्ग बघायला गेलात तर

मुलाचं नाव घालायच्या आधी वर्गात तासभर बसायची परवानगी मागा. नाही म्हणाले तर तिथेच पुष्कळ कळलं.

मिळाली तर भिंतीकडे बघा. तीस चित्रं एकाच साच्यातली, तीसही फुलपाखरांचे पंख सारख्याच जागी चिकटवलेले असतील, तर ती फुलपाखरं ताईंची आहेत. मग आवाज ऐका. पूर्ण शांतता आणि पूर्ण गलका, दोन्ही नकोत. कामात गढलेल्या मुलांचा एक गुणगुणल्यासारखा आवाज असतो. ताईंचा आवाज खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला जातो की खाली बसून एकाच मुलाच्या कानाशी जातो, तेही ऐका. एखादं मूल अडेल, तेव्हा घड्याळ बघा. कुणी किती सेकंदांत धावून येतं? पाच? वीस? मुलाच्या हातून पाणी सांडलं तर पुसायचं फडकं त्याच्या उंचीवर टांगलेलं आहे का, की मोठ्या माणसाला हाक मारावी लागते?

शेवटी ताईंना एक प्रश्न विचारा: "या आठवड्यात कुठल्या मुलाने तुम्हाला चकवलं?" काही जणी अभ्यासक्रमाचा तक्ता पुढे करतील. काही जणींचे डोळे चमकतील आणि त्या म्हणतील, "अहो, काल काय झालं माहितेय?" आणि मग पुढची दहा मिनिटं तुम्हाला एकाच मुलाची गोष्ट ऐकावी लागेल. अशा वर्गात नाव घाला.